पणजीच्या मध्यवस्तीत फिरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून आणि गोव्याच्याच दूरच्या तालुक्यांतून पणजीला येणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे मध्यवस्तीपुरती आहेत: पाटो, मळा, फोंतेन्हास, चर्च चौक, बाजार, कांपाल आणि फार तर मिरामारपर्यंत. समुद्रकिनाऱ्यांची माहिती इथे शोधू नका.

प्र. १. पणजी, पणजिम, पोणजे, नोव्हा गोवा: हे सगळे एकच ना? आणि ‘ओल्ड गोवा’ म्हणजे पणजीचाच जुना भाग का?

पहिली चारही नावे एकाच शहराची. ‘नोव्हा गोवा’ हे पोर्तुगीज राजवटीने १८४३ मध्ये शहराचा दर्जा देताना दिलेले नाव आहे, आज ते जुन्या कागदपत्रांतच भेटते. बसच्या पाटीवर ‘पणजी’ असते, कंडक्टर ‘पणजे, पणजे’ ओरडतो.

ओल्ड गोवा, म्हणजे जुने गोवे, हे मात्र वेगळे गाव आहे. ते पणजीच्या पूर्वेला साधारण ९-१० किलोमीटरवर आहे आणि सेंट झेवियरचे शव ठेवलेली बॅसिलिका तिथे आहे. पणजीतल्या जुन्या वस्तीला फोंतेन्हास म्हणतात. ‘ओल्ड गोव्याचे रंगीत घर’ शोधत जुन्या गोव्यात उतरणारे पुष्कळ असतात. ती रंगीत घरे पणजीत आहेत. दोन्ही बघायचे असेल तर दोन वेगळे अर्धे दिवस धरा.

प्र. २. नकाशा उघडला तरी दिशा कळत नाहीत. शहर डोक्यात कसे बसवायचे?

चार हद्दी लक्षात ठेवा. उत्तरेला मांडवी नदी, पूर्वेला ओरे खाडी, दक्षिणेला आल्तिन्योची टेकडी, पश्चिमेला सांतिनेजची खाडी आणि तिच्यापलीकडे मिरामारकडची बाजू. मध्यवस्ती म्हणजे या चौघांमधला सपाट तुकडा. चुकलात तर टेकडीकडे पाठ करून चालत राहा, नदी लागते.

नदीच्या काठाने जातो तो दयानंद बांदोडकर मार्ग. त्याच्या आत महात्मा गांधी मार्ग. चर्च चौकातून नैऋत्येकडे निघतो तो १८ जून रस्ता, कपडे, काजू, भांडी, औषधे अशा सगळ्या दुकानांचा. मडगावात १९४६ साली याच तारखेला राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, त्यावरून हे नाव आहे. फोंतेन्हासमधून जातो तो ३१ जानेवारी रस्ता. पाटीवर तो ‘रुआ ३१ द जानेरो’ असा दिसेल. या दोन तारखांची गल्लत होते आणि माणूस शहराच्या चुकीच्या टोकाला पोचतो. १८ जून म्हणजे खरेदी, ३१ जानेवारी म्हणजे जुनी घरे, एवढे पाठ करा.

अंतरे छोटी आहेत. कदंब (गोव्याची सरकारी बससेवा) बसस्थानक ते चर्च चौक सुमारे एक किलोमीटर, रमतगमत १५ मिनिटे. चर्च चौक ते आझाद मैदान पाच-सात मिनिटे. म्हणून आमचा पहिला आणि शेवटचा सल्ला हाच की गाडी शहराच्या कडेला ठेवा आणि आत पायी या. पुढची बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीवर उभी आहेत.

प्र. ३. कोकण रेल्वेने येतोय. पणजीसाठी कुठल्या स्टेशनवर उतरायचे?

पणजीला रेल्वे स्टेशन नाही. सर्वात जवळचे करमळी, सुमारे १२ किलोमीटर. पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, आणि रात्री स्टेशनबाहेर वाहन मिळणे कठीण जाते. दिवसा उतरलात तर रिक्षाने जुन्या गोव्याच्या चौकापर्यंत या (अंतर दोनेक किलोमीटर), तिथून पणजीची बस थोड्या थोड्या वेळाने मिळते.

उत्तरेकडून येणाऱ्यांनी थिवीला उतरले तरी चालते: आधी म्हापसा, मग म्हापसा-पणजी बस. मडगावला उतरणाऱ्यांनी मडगावच्या कदंब स्थानकात जाऊन पणजीची विनाथांबा बस धरावी, तासभर लागतो. मध्यरात्रीनंतर किंवा भल्या पहाटे पोचणार असाल तर करमळीपेक्षा मडगाव बरे. स्टेशन मोठे आहे, माणसे असतात, टॅक्सी मिळते.

प्र. ४. विमानाचे तिकीट काढतोय. दाबोळी जवळ की मोपा?

दाबोळी जवळ, पणजीपासून ३० किलोमीटरच्या आत. मोपाचा मनोहर विमानतळ सुमारे ३५ किलोमीटर, पेडणे तालुक्यात. तिथली प्रवासी विमाने जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली. अंतराचा फरक किरकोळ वाटतो, रस्त्याचा मात्र नाही. मोपाहून येताना पर्वरी ओलांडावी लागते, आणि पर्वरीत महामार्गावर उंच पुलाचे काम निघाल्यापासून तिथे वाहने अडतात. परतीला मोपा गाठायचे असेल तर पणजीतून निघण्यासाठी दीड-दोन तास हातात ठेवा. दाबोळीच्या वाटेवर नवा झुआरी पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची जुनी कोंडी बरीच सुटली आहे.

दोन्ही विमानतळांवरून पणजीच्या कदंब स्थानकापर्यंत कदंबच्या बस आहेत. एकट्यादुकट्याला त्या टॅक्सीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. चौघे जण आणि सामान असेल तर विमानतळावरच्या प्रीपेड खिडकीवरून टॅक्सी घेणे सोयीचे. तिकिटावर ‘गोवा’ एवढेच वाचून पुढे जाऊ नका. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स.

प्र. ५. कदंब स्थानकात तिकीट आधी काढायचे की बसमध्ये?

बस कोणती, त्यावर आहे.

कदंबच्या विनाथांबा बस (मडगाव, वास्को, म्हापसा) असतात, त्यांचे तिकीट स्थानकातल्या खिडकीवर आधी काढायचे आणि त्या त्या गावाच्या रांगेत उभे राहायचे. आधी बसमध्ये शिरून जागा धरलीत आणि तिकीट नसेल तर उतरून परत रांगेत यावे लागते. सकाळी साडेआठ ते दहा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या रांगा लांब होतात. मडगावची तर सर्वात लांब. रांग दिसली म्हणून घाबरू नका, ती लवकर सरकते.

थांबत जाणाऱ्या बस, कदंबच्या असोत की खासगी, त्यांत कंडक्टर येऊन पैसे घेतो. खासगी बसवाला गाडी भरेपर्यंत हळूहळू पुढे सरकत राहतो. वेळेची घाई असेल तर विनाथांबाच घ्या. सुट्टे पैसे आणि मोबाइलवर यूपीआय, दोन्ही जवळ ठेवा. शंभराच्या वरची नोट दहा-वीस रुपयांच्या प्रवासासाठी पुढे करू नका.

पाटीवरचे ‘मार्गे’ वाचा. जुन्या गोव्याला आणि फोंड्याला जाणाऱ्या काही बस रायबंदरमार्गे जातात, काही बायपासने. रायबंदरची बस ज्या दगडी बांधावरून जाते त्याला पोंते द लिन्हारेस म्हणतात, तो १६३०च्या दशकातला आहे. वेळ असेल तर ही वाट मुद्दाम घ्या. डाव्या खिडकीला नदी, उजवीकडे मिठागरांची आणि खारफुटीची जमीन. रायबंदरला उतरायचे असून बायपासच्या बसमध्ये बसलात तर मात्र उतरायला काही मिळणार नाही.

प्र. ६. शहराच्या आत फिरायला बस आहे का?

आहे. कदंबच्या छोट्या इलेक्ट्रिक बस शहरात फिरतात, शिवाय बाजार, कांपाल, मिरामारवरून दोना पावलाला जाणाऱ्या बस आहेत. चढताना ‘मिरामार?’ किंवा ‘मार्केट?’ असे विचारून घ्या, कारण एकदिशा रस्त्यांमुळे जायची आणि यायची वाट वेगळी असते. जिथे उतरलात तिथेच परतीची बस मिळेल असे नाही. परतीचा थांबा उतरतानाच कंडक्टरला विचारावा.

चर्च चौक, फोंतेन्हास, आझाद मैदान या भागांत बसची वाट पाहण्यापेक्षा चालणे लवकर होते. बसचा खरा उपयोग मिरामार-दोना पावलाला.

प्र. ७. ओला-उबर दाखवतच नाही. मग टॅक्सी, रिक्षा, ‘पायलट’ यांचे काय?

गोव्यात ओला-उबरच्या टॅक्सी चालत नाहीत. त्याऐवजी गोवामाइल्स नावाचे अ‍ॅप आहे, पणजीत त्यावरून गाडी मिळते. भाडे आधी दिसते. स्थानिक टॅक्सीथांब्यांजवळ मात्र अ‍ॅपची गाडी आत यायला कधी तयार नसते. चालकाने फोन करून थोडे पुढे यायला सांगितले तर पन्नास पावले चालून जा, वाद घालत बसू नका.

रिक्षा काळ्या-पिवळ्याच. मीटरवर जाण्याची सवय इथे फारशी नाही, म्हणून बसण्याआधी ठरवा, आणि ठरवताना तीन गोष्टी बोला: कुठपर्यंत, किती माणसे, थांबणे धरून की न धरता. तिसरी राहून जाते आणि भांडण तिथेच होते. ‘किती घेणार, दादा?’ असे सरळ मराठीत विचारा.

पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. पुढचे मडगार्ड पिवळे, नंबरपाटी पिवळी, हीच ओळख. कदंब स्थानक आणि बाजाराच्या आसपास ते उभे असतात. एकटे असाल, हातात एकच पिशवी असेल आणि संध्याकाळची कोंडी असेल, तर पायलटइतके जलद दुसरे काही नाही. शहरातले सगळे खाचखळगे त्यांना माहीत असतात, पत्ता सापडत नसेल तरी त्यांनाच विचारावे. भाडे आधी ठरवा आणि मागे बसताना हेल्मेट मागून घ्या.

प्र. ८. कोल्हापूरहून स्वतःची गाडी घेऊन येतोय. कुठे लावायची?

पाटोवर. कदंब स्थानकाजवळ बहुमजली पार्किंग आहे, तिथे लावा आणि पायी आत जा. १८ जून रस्त्यावर, चर्च चौकात किंवा बाजाराजवळ जागा शोधत फिरणे म्हणजे एकदिशा रस्त्यांवरून तीच फेरी पुन्हा पुन्हा मारणे. एक वळण चुकले की पुन्हा नदीकाठापर्यंत जाऊन यावे लागते.

रस्त्याकडेला लावणारच असाल तर एवढे बघा: जागा पालिकेच्या सशुल्क पार्किंगची आहे का (मग छापील पावती मागा), दुचाकीच्या पट्ट्यात तर उभे नाही ना, आणि समोर कोणाचे फाटक आहे का. फोंतेन्हासमध्ये गाडी नेऊच नका. गल्ल्यांतून एकच गाडी कशीबशी जाते, समोरून दुसरी आली की मागे घ्यायला जागा नसते, आणि राहणाऱ्या लोकांच्या दारासमोर तुमची गाडी अडकून पडते.

शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या आधल्या संध्याकाळी नदीकाठचा रस्ता कॅसिनोंच्या धक्क्यांमुळे तुंबतो. त्या वेळी शहरात गाडीने शिरायचे टाळा. सिग्नलवर कॅमेरे आहेत. पांढऱ्या पट्टीच्या पुढे थांबलात तरी चलन घरी येते.

प्र. ९. स्कूटर भाड्याने घेताना काय बघायचे?

सर्वात आधी नंबरपाटी. काळी पाटी आणि पिवळी अक्षरे असतील तरच ती गाडी कायद्याने भाड्याने देता येते. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर थोडी स्वस्त मिळते, पण पोलिसांनी अडवले तर दंड आणि ताप तुमच्या डोक्यावर, आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो.

मग कागद: आरसी, विमा, पीयूसी. मूळ नसतील तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दिसतात का ते घेण्याआधीच बघा. तुमचा परवाना सोबत हवा. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही. घेण्यापूर्वी गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा. ओरखडे, आरसे, मागचा दिवा, टायर, आणि पेट्रोलचा काटा नक्की येऊ द्या. ब्रेक जागेवरच दोनदा दाबून बघा. आधार कार्ड मूळ ठेवून घेणाऱ्याला झेरॉक्स द्या.

आणि विचार करून बघा की मध्यवस्तीपुरती स्कूटर लागते का. आमच्या मते नाही. मिरामार, दोना पावल, रायबंदर, दिवाडी असा बेत असेल तेव्हाच घ्या.

प्र. १०. म्हापशाहून येताना पुलावर पणजी सुटून गेली. काय चुकले?

तुम्ही अटल सेतूवर चढलात. मांडवीवर शेजारी शेजारी तीन पूल आहेत. जानेवारी २०१९ मध्ये खुला झालेला, सर्वात उंच आणि तारांनी तोललेला अटल सेतू हा पणजीत न शिरता मडगाव-फोंड्याकडे निघून जाणाऱ्यांसाठी आहे. पणजीत यायचे तर खालच्या जुन्या पुलाच्या मार्गिकेत राहा; पर्वरीचा उतार संपताना पाट्या लागतात, तिथे वेग कमी ठेवा. अटल सेतूवर दुचाकी आणि तीनचाकीला बंदी आहे, भाड्याच्या स्कूटरवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

सुटलीच पणजी, तर पुलावर थांबू किंवा उलटे फिरू नका. पुढे मेरशीच्या बाजूला उतरून परत फिरा, दहाएक मिनिटांचा फेर पडतो.

प्र. ११. पत्त्यावर घर नंबर आहे, रस्त्याचे नाव आहे, तरी जागा सापडत नाही.

पणजीत पत्ता खुणेने सांगतात. ‘पोस्टाच्या मागे’, ‘आझाद मैदानासमोर’, ‘महालक्ष्मीजवळ’, ‘मळ्याच्या मारुतीखाली’ असे. म्हणून ज्यांच्याकडे जायचे त्यांना रस्ता विचारू नका, जवळची खूण विचारा. इमारतीचे नाव आणि वाड्याचे नाव (मळा, सान तोमे, सांतिनेज, भाटले, बोक द व्हाक) ही जोडी घर नंबरपेक्षा जास्त उपयोगी.

नेहमीच्या खुणा पाठ असू द्या: पुलाच्या पायथ्याशी दिवजा सर्कल, पाटोचा पूल ओलांडताच सान तोमेचे मुख्य पोस्ट ऑफिस, पांढरे चर्च आणि पायऱ्या, चर्चसमोरची पालिकेची बाग, नदीकाठी जुने सचिवालय, म्हणजे आदिलशाही राजवाडा, आणि त्याच्या शेजारी आबे फारियांचा पुतळा, आझाद मैदान, दादा वैद्य रस्त्यावरचे महालक्ष्मी मंदिर, कांपालला कला अकादमी. मधले काहीही या आठांपैकी एकाच्या हाकेच्या अंतरावर असते.

प्र. १२. एकच दिवस आहे. चालत काय काय होईल?

सकाळी आठच्या सुमारास कदंब स्थानकातून निघा. ओरे खाडीवरचा पादचारी पूल ओलांडला की फोंतेन्हास. ऊन चढण्याआधी गल्ल्या मोकळ्या असतात: ३१ जानेवारी रस्ता, सेंट सेबॅस्टियनचे चॅपल, मळ्याच्या बाजूला फेनिक्सची झर. तास-सव्वा तास पुरतो. तिथून सान तोमेमार्गे चर्च चौक. चर्चचे मूळ १५४१चे, आजची इमारत १६१९ मध्ये पुन्हा बांधलेली. प्रार्थनेच्या वेळा सोडून दार बंदही असते. उघडे दिसले की आधी आत जाऊन या, फोटो नंतर.

चौकातून नदीकडे उतरा: आबे फारिया, जुने सचिवालय, मग आझाद मैदान. मैदानाजवळच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पिवळ्या फरशांवर चितारलेले मोठे भित्तिचित्र आहे. लोक तिच्यावरून पुढे निघून जातात. तुम्ही पाच मिनिटे द्या. नंतर १८ जून रस्त्याने महालक्ष्मी. हे मंदिर १८१८चे, पोर्तुगीज अमलात पणजीत उभे राहू दिलेले पहिले हिंदू मंदिर. इथपर्यंत साडेअकरा-बारा वाजतात. जेवा, दुपारी सावलीत बसा (प्र. १४), चारनंतर कांपालच्या झाडांखालून मिरामारपर्यंत जा. ते अंतर उन्हात चालू नका, बस घ्या. सूर्यास्त मिरामारला.

आल्तिन्यो यात घातलेले नाही, कारण चढ आहे. पाय ठीक असतील तर फोंतेन्हासमधून पायऱ्यांनी वर जाता येते, वरून छपरे आणि नदी दिसते.

प्र. १३. फोंतेन्हासमध्ये फोटो काढायला कुणाची परवानगी लागते का?

रस्त्यावरून काढायला नाही. पण ही लोकांची राहती घरे आहेत, हे प्रत्येक पावलाला लक्षात ठेवा. कुणाच्या बाल्कांवावर (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर) चढून बसायचे नाही, कठड्याला, खिडकीला, दाराच्या कडीला हात लावायचा नाही, कुंड्या हलवायच्या नाहीत. ‘फोटो काढू नये’ अशी पाटी असेल तिथे कॅमेरा खाली. दुपारी एक ते चार आवाज अगदी कमी. लोक झोपलेले असतात, त्यांत वयस्कर पुष्कळ. लग्नाआधीचे फोटो, कपडे बदलणे, ध्वनिक्षेपक, ड्रोन हे सगळे इथे त्रासाचे झाले आहे आणि रहिवाशांनी त्याबद्दल वारंवार तक्रारी केल्या आहेत. दार उघडे असेल आणि कुणी बसलेले असेल तर ‘नमस्कार, फोटो काढू का?’ एवढे विचारायला काही लागत नाही.

प्र. १४. दुपारी दोनला दुकाने बंद, रविवारीही बंद. मग खरेदी कधी करायची?

सोमवार ते शनिवार, सकाळी साडेनऊ ते एक आणि दुपारी साडेतीन-चारनंतर आठपर्यंत, असे धरून चाला. मधल्या वेळात मोठी दुकाने उघडी असतात, जुनी कुटुंबे चालवतात ती मिटतात. पालिकेचा बाजार सकाळी लवकर भरतो. मासळी घ्यायची तर आठ-नऊच्या आत. रविवारी शहर शांत असते: खरेदीला वाईट, चालायला उत्तम. म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारी भरतो, त्या दिवशी म्हापशाच्या बस भरून जातात.

प्र. १५. इथले लोक खातात ते कुठे खायचे?

सकाळी भाजी-पाव. चर्च चौक आणि बाजाराच्या आसपासच्या जुन्या उपाहारगृहांत पातळ भाजी, सुकी भाजी, दोन्ही मिसळून मिक्स, सोबत पाव किंवा पुरी, नंतर बन्स आणि चहा. साडेअकरानंतर हे संपते. दुपारी साडेबारा ते अडीच थाळी: मासळीचे हुमण, तळलेला तुकडा, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सोलकढी. तीनला पोचलात तर स्वयंपाकघर मिटलेले असेल. संध्याकाळी गाड्यांवर रॉस ऑम्लेट, तो कोंबडीच्या किंवा चण्याच्या रसात घालून देतात. कोणता रस, ते शाकाहारी माणसाने आधी विचारावे. शाकाहारी थाळी सहज मिळते.

प्र. १६. बेतीची फेरीबोट अजून चालते का? तिकीट किती?

चालते. बांदोडकर मार्गावरच्या फेरी धक्क्यावरून सुटते, पाच-सात मिनिटांत पलीकडे. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, चारचाकीला आहे. मांडवीतून पणजीचा काठ बघण्याची ही सर्वात सोपी रीत. जाऊन त्याच बोटीने परत या. बोट धक्क्याला पूर्ण लागेपर्यंत आणि फळी खाली येईपर्यंत साखळीच्या आत राहा. दुचाकी आधी उतरतात, त्यांच्या मध्ये शिरू नका. जुना पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला तेव्हा याच फेऱ्यांनी उत्तर गोव्याचा संपर्क टिकवला होता.

दिवाडी आणि चोडण बेटांच्या फेऱ्या रायबंदरहून सुटतात, दिवाडीची एक जुन्या गोव्याहूनही आहे. पर्यटकांच्या सशुल्क नदीसफरी वेगळ्या, त्या मांडवी पुलाजवळच्या सांता मोनिका धक्क्यावरून.

प्र. १७. पावसाळ्यात यावे का?

या, पण दोन गोष्टी सांभाळून. मध्यवस्ती सखल आहे आणि तिचे पाणी खाडीत जाते. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की नाल्यांतले पाणी बाहेर जाऊ शकत नाही, आणि १८ जून रस्ता, मळा, चर्च चौकाच्या आसपास पाणी साचते. ओहोटी लागली की तास-दोन तासांत उतरते. म्हणून त्या दिवशीची भरतीची वेळ बघा आणि त्याच्या आगेमागे गाडी सखल भागात ठेवू नका. बहुमजली पार्किंगचा वरचा मजला सर्वात बरा. साचलेल्या पाण्यातून चालताना रस्त्याच्या मध्याने चाला, कडेला गटाराच्या फरश्या हललेल्या असू शकतात. फोंतेन्हासच्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ येते. गुळगुळीत तळाची चप्पल नको. वारा फार असला तर फेरी थांबवतात.

प्र. १८. कोणत्या दिवशी येणे टाळावे?

गर्दी बघायला आला असाल तर याच दिवशी या, एरवी टाळा. कार्निव्हल (फेब्रुवारी-मार्चमधले चार दिवस, पणजीची मिरवणूक बहुधा शनिवारी), शिगम्याची चित्ररथ मिरवणूक, नोव्हेंबरमधला इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव), ३ डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त, ८ डिसेंबरचे पणजीच्या चर्चचे फेस्त आणि त्याची जत्रा, नाताळ ते नववर्ष. जन्माष्टमीच्या सुमारास अष्टमीची फेरी (जत्रेसारखा बाजार) भरते, तेव्हा भांडीकुंडी, लाकडी सामान घ्यायला अख्ख्या तिसवाडी तालुक्यातले लोक येतात. मिरवणुकीच्या दिवशी वाहतूक दुपारपासून वळवतात, तेव्हा प्र. ८चा सल्ला दुप्पट लागू.

चतुर्थीचे नेमके उलटे. आधले दोन दिवस माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजारामुळे पाय ठेवायला जागा नसते. पण गणपती बसला की पणजीतली हिंदू कुटुंबे आपापल्या मूळ गावच्या घरी गेलेली असतात. पुढचे दोन-तीन दिवस उपाहारगृहे, रिक्षा, खासगी बस निम्म्याहून कमी. त्या दिवसांत आलात तर जेवणाची सोय आधी करून ठेवा.

प्र. १९. पणजीहून बसने मंगेशीला आणि कवळ्याला जाता येते का?

सहज. कदंब स्थानकातून फोंड्याची थांबत जाणारी बस घ्या, ‘मंगेशी’ म्हणून तिकीट मागा. सुमारे २२ किलोमीटर. महामार्गावर उतरून मंदिरापर्यंत थोडे चालायचे. म्हार्दोळची म्हाळसा तिथून जवळच, त्याच रस्त्यावर पुढे. कवळ्याच्या शांतादुर्गेसाठी फोंड्याच्या स्थानकात बस बदला. विनाथांबा बस मंगेशीला थांबत नाही, चढताना विचारून घ्या (प्र. ५). मंदिरांत आणि चर्चमध्येही खांदे व गुडघे झाकलेले कपडे हवेत. किनाऱ्यावरच्या कपड्यांत आलेल्यांना दारातून परत पाठवतात.

प्र. २०. आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना झेपेल का?

नदीकाठचा पदपथ, पालिकेची बाग, आझाद मैदान, कांपाल हे सपाट आहे, बसायला बाके आहेत. चर्चच्या पायऱ्या बऱ्याच आणि चढत्या. खालून बघितले तरी चालते. फोंतेन्हासमध्ये पदपथ नाहीत, दुचाकी अंगावरून जातात, तिथे सकाळी लवकर आणि थोडाच वेळ न्या. आल्तिन्योला गाडीने. स्वच्छतागृह कदंब स्थानकात आणि बाजारात आहे. मधल्या पट्ट्यात कमी, म्हणून चहाला थांबाल तिथेच सोय करून घ्या. चाकाच्या खुर्चीला मोडके पदपथ आणि उंच कठडे अडवतात, नदीकाठ त्यातल्या त्यात बरा.

प्र. २१. मराठीत बोललो तर चालते ना?

चालते. इथे बोलतात कोंकणी, पण मराठी वाचणारे, मराठी नाटक-भजनात वाढलेले लोक घरोघरी आहेत. राजभाषा कायद्यानेही मराठीला सरकारी कामात स्थान आहे. तुम्ही मराठीत विचारा, उत्तर कोंकणीत आले तरी कळेल. ‘खंय’ म्हणजे कुठे, ‘कितले’ म्हणजे किती, ‘फुडें’ म्हणजे पुढे; बसमध्ये एवढे पुरते. समोरच्याला लगेच ‘अरे-तुरे’ वाटेल असे कोंकणी वळण कानावर आले तर रागावू नका, बोलीची ठेवण तशी आहे.

प्र. २२. रात्री उशिरा परतायचे आहे. बस मिळेल का, आणि फिरणे सुरक्षित आहे का?

रात्री आठनंतर बस झपाट्याने कमी होतात. खासगी आधी थांबतात, नंतर विनाथांबा. शेवटच्या बसची वेळ दिवसा स्थानकात विचारून ठेवा आणि त्याच्या आधीच्या बसने निघा, म्हणजे ती चुकली तरी एक हातात राहते. नंतर टॅक्सी, तीही आधी सांगून ठेवलेली.

नदीकाठचा रस्ता रात्री उशिरापर्यंत जागा असतो. कॅसिनोत प्रवेशाला वय २१ पूर्ण लागते, मूळ ओळखपत्र बघतात. धक्क्याबाहेर ‘स्वस्तात पास देतो’ म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. बाजार आणि आतल्या गल्ल्या नऊनंतर सुनसान होतात, मुख्य रस्त्याने चाला. रस्त्यावर किंवा पदपथावर दारू पिणे दंडनीय आहे.

प्र. २३. काही अघटित घडले तर?

पोलीस, आग, तातडीची मदत यासाठी ११२. रुग्णवाहिका १०८. मोठे सरकारी रुग्णालय, गोवा मेडिकल कॉलेज, पणजीत नाही तर बांबोळीला आहे, शहरापासून सात-आठ किलोमीटर मडगावच्या रस्त्यावर. कांपालच्या जुन्या इमारतीला अजून ‘जुने मेडिकल कॉलेज’ म्हणतात. रिक्षावाल्याला नुसते ‘मेडिकल’ सांगितले तर घोटाळा होऊ शकतो, ‘बांबोळी’ असेच सांगा. सामान बसमध्ये राहिले तर तिकीट जपून ठेवा आणि ताबडतोब कदंब स्थानकाच्या चौकशी खिडकीवर तिकिटावरचा गाडी क्रमांक द्या. खासगी बस असेल तर तिची परतीची फेरी त्याच थांब्यावर येते; तिथेच थांबून त्या मार्गाच्या दुसऱ्या कंडक्टरला सांगा, ते एकमेकांना फोन करतात.